वेलीसकट घर

म्हसरूळचं रो-हाऊस विकायला काढल्यापासून सावळीरामकाकांनी दोन गिऱ्हाइकं हाकलली होती. एकाने परसातली द्राक्षवेल काढून तिथे गाडी लावायची इच्छा बोलून दाखवली. दुसरा नुसतं ‘डास होत असतील नाही?’ एवढंच म्हणाला. काका दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. मुलांच्या शाळेसाठी नाशकात घर घेतलं, मुलं शिकून पुण्याला गेली, मागे वेल राहिली. हे एजंटाकडून कळल्यामुळे तिसरं गिऱ्हाईक असलेल्या संघर्षने आल्या आल्या वेलीला हात जोडले. हॉल नंतर बघितला.

घाटकोपरच्या एका खोलीत आई, बायको आणि तो अशा तिघांनी काढलेल्या आयुष्यानंतर त्याला इथलं सगळ्यात मोठं नवल वाटलं ते दारांचं. एका खोलीतून दुसरीत जाता येत होतं आणि दुसरीत कुणीच नव्हतं. सृष्टीला, म्हणजे बायकोला, चक्क हाक मारावी लागत होती. त्याने गरज नसताना चारदा मारली.

“वेल राहिली पाहिजे,” काका म्हणाले. “नाय तर व्यवहार नाय.”

“काका, वेल म्हणजे घरातलं माणूस.”

खरेदीखत सोमवारी ठरलं. साफसफाईला म्हणून काकांनी किल्ली रविवारीच दिली, आणि संघर्षने साफसफाईला आईला आणलं. लताबाई मुंबईतल्या एका बागेत सव्वीस वर्षं माळीकाम करून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. रेषेबाहेर गेलेली फांदी दिसली की त्यांचा हात आपोआप कात्रीकडे जायचा. आईला घराबद्दल सगळं सांगितलं होतं, वेलीच्या अटीचं तेवढं राहिलं.

फरशी पुसून संघर्ष परसात आला तर वेलीच्या मांडवावर थेट आभाळ. खाली पानांचा ढीग, ढिगाशेजारी चहा पीत बसलेली आई.

“किती माजलं होतं रे! बघ, आता कसा उजेड आला.”

उजेड खरंच आला होता. त्या उजेडात संघर्षला घाटकोपरची खोली अगदी स्वच्छ दिसली.

“पानं परत चिकटवता येतील का?” त्याने सृष्टीला विचारलं.

सृष्टीने गाडी काढली आणि पंचवटीतून मखराच्या सजावटीच्या बावीस प्लास्टिक वेली आणल्या. “एप्रिलात मखर?” दुकानदाराने विचारलं म्हणे. “आम्ही आधीपासून तयारी करतो,” ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत मांडव हिरवागार झाला. लताबाईंनी कडा सरळ करून दिल्या.

सोमवारी सकाळी सात वाजता काका कात्री घेऊन दारात. “यंदाची छाटणी माझ्या हातची. मग जाऊ सही करायला.”

ते मांडवाखाली उभे राहिले. एक पान कापलं, उचललं, चोळलं, दातांखाली धरून पाहिलं.

“ही जात कंची?”

“परदेशी आहे काका,” संघर्ष म्हणाला.

“हां. फवारणीचा खर्च नाय हिला.” आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता काकांनी बावीसच्या बावीस वेली कापून खाली टाकल्या. मग खालच्या खऱ्या वेलीच्या उघड्या काड्या दिसल्या आणि त्यांचा हात थांबला.

“हे कोणी केलं?”

“मी,” लताबाई पुढे झाल्या. “पोरांना बोलू नका. प्लास्टिक तेवढं त्यांचं आहे.”

“काडीला फुटीचा एकच डोळा ठेवलाय!” काका काडीमागून काडी तपासत होते. “ताई, एप्रिलात असंच सगळं खरडून काढायचं असतं. तवा कुठं नवी फूट येते. माझे मजूर दहा वर्षं झाली, तरी दोन-दोन डोळे सोडत्यात. कुठल्या गावच्या तुम्ही?”

“घाटकोपर.”

“तिकडं द्राक्ष हाय?”

“नाही. कुंपणाची मेंदी आहे.”

काकांनी आपली कात्री मिटून खिशात घातली.

दुपारी निबंधक कार्यालयात पेन हातात घेऊन ते थांबले.

“आक्टोबरात फळाची छाटणी असते, तवा ताईंनी दिंडोरीला यायचं. माझ्या मजुरांना दाखवायला.”

“येईन की,” लताबाई म्हणाल्या. “पण कात्री माझी.”

सही झाली.

घरी येऊन संघर्ष मागच्या खोलीत जाऊन बसला.

“सृष्टी!”

“काय रे?” दोन दारांपलीकडून आवाज आला.

“काही नाही.”