लिबियाची वाट

लढाई संपून भुजंग बोरीला परतला आणि दुसऱ्याच दिवशी पालमला निघाला. पालमच्या चन्नबसप्पा वाण्यांचा एकुलता एक रामलिंग त्याच्याच पलटणीत होता. लिबियात तोफगोळ्याचा तुकडा लागून तो भुजंगच्या मांडीवर गेला. घरी तार पोचली होती, पण सरकारी तारेत माणूस मेला एवढंच असतं. बाकीचं सांगायचं भुजंगनं ठरवलं होतं.

रामलिंगच्या आईनं, नीलम्माकाकूंनी, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, पुरलं की जाळलं?

भुजंग खुलला. लिंगायतांत पुरतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हिंदू म्हणजे जाळायचाच, असं म्हणणाऱ्या गोऱ्या साहेबाशी हुज्जत घालून त्यानं खड्डा घेतला होता. वर वाळू, खाली नुसता खडक. पहार मारली की ठिणगी उडायची. तरी माणूस मांडी घालून बसेल एवढं खोदलं. एक म्हातारा अरब आपणहून हात लावायला आला. इटलीवाल्यांनी तुर्कांकडून तो मुलूख हिसकावला आणि अरबांना बायकापोरांसकट तारेच्या कुंपणात डांबलं. त्यातच म्हाताऱ्याची दोन पोरं गेली होती. भुजंगला त्याची भाषा कळत नव्हती, पण काही अडलं नाही.

मांडी घालून बसवला ना, म्हणजे झालं, असं काकू पुन्हापुन्हा म्हणाल्या. त्यांचा चेहरा निवला.

मग भुजंगनं मोठ्या अभिमानानं कमरेची गाठ सोडली आणि चांदीची डबी त्यांच्यापुढं ठेवली. त्यात रामलिंगच्या गळ्यातलं लिंग होतं. मातीत टाकायला त्याचा जीव झाला नव्हता. आईला तेवढीच आठवण, म्हणून त्यानं ते काढून घेतलं होतं.

जन्मल्यापासून अंगावेगळं न होणारं लिंग समाधीत डाव्या तळहातावर ठेवतात आणि माणूस त्यातच मिळून जातो. शेजारी बसलेल्या चन्नबसप्पांनी हे हळूच सांगितलं, तेव्हा भुजंगनं काकूंचे पाय धरले.

"तुला काय म्हाईत, लेकरा," काकू म्हणाल्या. त्यांनी डबी पदरात बांधली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी जाईन तवा माझ्या हातावर दोन्ही ठिवा. माझं बी, त्याचं बी. मी निऊन देते त्याला."

मेल्यावर कुठं जायचं नसतं, लिंगातच मिळायचं असतं, असं चन्नबसप्पा समजावू लागले.

"त्यो कशात मिळंल? त्याचं तर हितं हाय."

चन्नबसप्पा तोंड फिरवून रडू लागले.

काकूंनी भुजंगला वाट विचारली. त्यानं डोळे पुसत सांगितली. मुंबईहून आगबोट, तांबडा समुद्र, सुएझचा कालवा, मग मिसर. तिथून मावळतीला, समुद्र उजव्या हाताला ठेवून तोब्रुकपर्यंत. काकू मागोमाग म्हणत गेल्या. मधे नदी कोणती लागते, असं त्यांनी विचारलं. मिसरची नील ओलांडली की पुढं नदीच नाही, अख्ख्या लिबियात नाही, हे त्यांना काही केल्या पटेना.

"बरं, तिथं गेल्यावर खूण काय?"



"दगड रचले हुते, काकू. मग आमी मागं हटलो. फिरून आलो तवा रणगाड्यांनी समदं सपाट केल्तं. लय हुडकलं. मला बी घावलं न्हाई."

इतका वेळ आवरून धरलेलं रडं मग काकूंना आवरेना.