तुलनेला दोन्ही हवीत

माझी बायको यमुना हिला घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशननंतर तिला गिळता येईना. गार आणि मऊ तेवढंच जायचं. लीड्सच्या सुपरमार्केटमधली सगळी आइस्क्रीम मी आणून पाहिली. ती दोन चमचे खायची आणि बाऊल सरकवायची. एकदा म्हणाली, "मला आईंच्या पॉटमधलं हापूसचं हवं."

आई म्हणजे माझी आई. तिचा लाकडी बादलीचा, हाताने फिरवायचा पॉट माझ्या मोठ्या भावाकडे, कॉव्हेंट्रीला असतो. तो तिथे डॉक्टर आहे. मी फोन केला. प्रमोदिनीवहिनींनी उचलला.

"अहो भावजी, जुनी वस्तू आहे ती. गाडीत आपटली तर? आणि रेडिएशन झाल्यावर तिला चव तरी कुठे कळणार? विकतचं द्या की."

मी दादाला सांगणार होतो. यमुना म्हणाली, "राहू द्या. माझ्यावरून भावाभावांत नको." म्हणून गप्प बसलो.

आमच्या शेजारी नबील राहतो. तो रामल्लाचा, पॅलेस्टाइनमधला. कुंपणापाशी त्याने यमुनाची चौकशी केली तेव्हा मी पॉटचं सांगून टाकलं. तो म्हणाला, "पॉट कशाला लागतो? आमच्याकडे आइस्क्रीम कुटतात."

दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या किचनमध्ये मीठ घातलेल्या बर्फात स्टीलचं पातेलं ठेवलं. दूध आटवून आणलेलं होतं. त्यात मस्तकी, म्हणजे झाडाचा एक सुगंधी डिंक घातला होता. दूध कडेने गोठायला लागलं की तो ते खरवडायचा आणि लाकडी मुसळाने कुटायचा. घाम पुसत पुसत दुपारभर कुटलं. चमचा वर उचलला तर आइस्क्रीम तारेसारखं ताणलं गेलं. वरून पिस्ते.

यमुनाने अख्खा बाऊल खाल्ला. म्हणाली, "आपलं जिभेवर ठेवलं की पळतं. हे थांबतं."

"मग कुठलं चांगलं?" मी विचारलं.

"तुलना करायला दोन्ही समोर नकोत का?"

ती नोव्हेंबरात गेली. वहिनी आल्या, रडल्या, पोळ्या करून गेल्या. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मनात एकच होतं. हिला हे चारचौघांत ऐकवायचं.

पुढच्या जुलैत आमच्या आणि कॉव्हेंट्रीच्या मंडळाची एकत्र पिकनिक राउंडहे पार्कमध्ये होती. वहिनी दर वर्षी पॉट आणतात. लोक हौसेने हँडल फिरवतात, त्या कौतुक करून घेतात. त्या वर्षी मी नबीलला घेऊन गेलो आणि त्यांच्या शेजारच्याच टेबलावर त्याचं पातेलं मांडलं.

"हे काय भावजी, कॉम्पिटिशन?" वहिनी हसल्या.

"तुलना," मी म्हणालो.

नबीलने मुसळ चालवलं तशी पोरं धावली, मागून मोठी माणसं. अर्चना म्हणून मंडळाची सेक्रेटरी आहे, ती ओरडली, "अगं बाई, हे तर च्युइंगमसारखं ताणतंय! प्रमोदिनी, तुझी गिऱ्हाइकं गेली गं."

मी वहिनींच्या टेबलावर जाऊन हापूसचं घेतलं. एका हातात ते, दुसऱ्या हातात नबीलचं. दोन्ही खाल्ली. खरं सांगतो, हापूसचं जास्त चांगलं होतं. आईच्या हातचं होतं तसंच. ते वाईट निघालं असतं तर मी कदाचित तसाच घरी आलो असतो.

तेवढ्यात वहिनीच बाऊल घेऊन आल्या. नबीलला मराठी येत नाही आणि माझ्या मनातलं ठाऊक नाही. त्याने काठोकाठ भरून दिलं. वहिनींनी चमचा तोंडात घातला. "मस्त आहे हो. कुठला फ्लेवर?"

"तुम्हाला चव कळते का वहिनी? यमुनाला कळत नाही म्हणाला होतात."

"काय बोलताय तुम्ही?"

मी आवाज चढवला नाही. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. तिने काय मागितलं, मी कधी फोन केला, त्या काय म्हणाल्या, शब्दाला शब्द. नबीलचं मुसळ थांबलं. अर्चनाने पोरांना झाडाकडे नेलं. वहिनी म्हणाल्या, "मला काय माहीत ती जाणार म्हणून?"

"तुम्ही डॉक्टरची बायको," मी म्हणालो.

दादा हँडल धरून उभा होता. त्याने वहिनींना एकच विचारलं, "शशीचा फोन आला होता?" त्या मागच्या खुर्चीत बसल्या. त्याने पॉटमधलं उरलेलं आइस्क्रीम एका डब्यात काढलं, बर्फाचं पाणी गवतावर ओतलं आणि पॉट माझ्या गाडीच्या बूटमध्ये ठेवला. मला म्हणाला, "मला का नाही सांगितलंस रे?" मी गाडीचं मागचं दार लावलं. वहिनी फोल्डिंगच्या खुर्चीत पदराने तोंड झाकून रडत होत्या. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

त्या रविवारी आमरसाचा डबा फोडून मी हापूसचं केलं. नबीलने त्याचं केलं. दोन्ही बाऊल यमुनाच्या फोटोसमोर ठेवले आणि विरघळेपर्यंत बसलो. आपलं आधी विरघळलं.

गणपतीच्या आधी वहिनींचा फोन आला. आवाज बारीक होता. "भावजी, झालं गेलं. दर्शनाला तीस-चाळीस माणसं येतील. दोन दिवसांसाठी पॉट द्याल का?"

"जुनी वस्तू आहे वहिनी," मी म्हणालो. "गाडीत आपटली तर? विकतचं द्या की."