मखमलीतला खडा

नव्या वसाहतीच्या पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध बरणीत नळाचं गढूळ पाणी, तिच्यामागे जलबाबा. त्यांनी मखमली पिशवीतून पांढरा खडा काढला, पाण्यात गरगर फिरवला आणि प्रवचन सुरू केलं. पाणी निवळायला जेवढा वेळ लागे, प्रवचन बरोबर तेवढंच लांब असे.

"रोगाला तळाशी बेडी घातली!" बाबा गरजले. "पण खबरदार! हे पाणी उकळाल, तर खड्याची शक्ती जळेल!"

गाळ खाली, वर आरशासारखं पाणी. सगळ्यांचे डोळे विस्फारले.

सलूनवाल्यानं तांब्या पुढे केला. गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून तो धावत आला होता. वसाहतभर जुलाबांची साथ, आणि घरी त्याची लेक चिमी डोळे खोल जाऊन निपचित पडलेली.

"उकळू का हो?" तो पाणी घेऊन घरी येताच बायकोनं विचारलं.

"वेडी का खुळी? शक्ती जाईल!"

दुपारी चिमी रडायचीही थांबली. बायकोनं तिला उचललं आणि नवऱ्याला न विचारता दवाखाना गाठला. तो धापा टाकत मागून पोचला, तेव्हा सलाइन लागलं होतं.

"वाचेल ना हो?"

"आत्ताच सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी कुठलं पाजलंत?"

त्यानं चाचरत सगळं सांगितलं.

"दाढी करताना कापलं, तर गिऱ्हाइकाला काय लावता?"

"तुरटी." शब्द तोंडातून गेला आणि त्याला बाबांचा पांढरा खडा आठवला. "बाई, रोज हातात असते हो! पण ती मखमलीत होती... ओळखलीच नाही."

संध्याकाळी चिमीनं "बाबा" म्हणून हाक मारली, तेव्हाच तो तिथून हलला. सलूनमधली तुरटी घेऊन तो बाईंबरोबर पटांगणात गेला. बाबांसमोरच त्यानं ती गढूळ पाण्यात फिरवली. प्रवचनाशिवायही पाणी निवळलं.

"तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत," बाईंनी सांगितलं. "तुमचा नळ गटारातून आलाय आणि तिथेच फुटलाय. दुरुस्त होईपर्यंत उकळल्याशिवाय थेंबही पिऊ नका."

सलूनवाल्यानं बाबांच्या बरणीतलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं. "घ्या, तुमचंच आहे."

"आज आमचा निर्जळी उपवास," बाबा म्हणाले. त्यांच्या आसनाखालून विकतच्या पाण्याची अर्धी बाटली घरंगळत बाहेर आली.

चिमी वाचली. नळ बदलून घ्यायला मात्र वसाहतीला कचेरीत पुष्कळ चकरा माराव्या लागल्या. सलूनवाला अजूनही गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा नेऊन विचारतो, "पाणी उकळून पिता ना?"

नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही.