मधला कप

उषाने कागदी कपांच्या पाकिटाचं प्लास्टिक दातांनी फाडलं, त्यातला एकच कप काढला आणि ट्रेच्या बरोबर मधोमध ठेवला. भोवती चिनी मातीचे कप, काही घरचे, काही शेजारणीकडून मागून आणलेले.

सेकंड शिफ्टला निघालेला तिचा नवरा झुंबर दारात बूट चढवत होता.

"एकच कशाला?"

"हिमानीवहिनींना."

त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा उचलून तो निघाला.

गेल्या महिन्यात बायकांची प्रार्थनासभा हिमानीवहिनींच्या कॉलनीतल्या फ्लॅटवर होती. उषा आपल्याबरोबर मंजुळामावशीला घेऊन गेली होती. मावशी किनाऱ्यावरच्या दातिवरे गावची, बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकायची. "चला आमच्यात, आमच्याकडे कुणी परकं नसतं," असं उषानेच तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या दिवशी वहिनींनी, दारी आलेल्या परक्याला प्रभू समजून घरात घ्यावं, यावर भरभरून शिकवलं. मग चहा आला. सगळ्यांना फुलाफुलांचे कप, मावशीला कागदी. "कप कमी पडले हो," वहिनी हसून म्हणाल्या. त्यांच्या पाठीमागे काचेच्या कपाटात तसल्याच कपांची रांग होती. बोंबलाचा वास लागेल म्हणून हे चाललंय, हे न कळायला उषा काही कुकुलं बाळ नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द तिने दिला होता आणि या बाईने तो मातीत घातला होता. मावशीने मात्र मुकाट्याने चहा संपवला आणि चुरगळलेला कप आपल्याच पिशवीत टाकला.

आज सभा सालवडला, उषाच्या खोलीवर होती. कागदी कप हातात आला की कसं वाटतं, ते आज कळू दे बाईला.

गाणी झाली, बायबलमधलं वचन झालं. हिमानीवहिनी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मंजुळामावशी आल्या आल्या मोरीत साबणाने हात चोळून चोळून धुऊन स्वयंपाकाच्या ओट्यालगत, चटईच्या अगदी कडेला बसली होती. उषा ट्रे घेऊन वळली. ती पलंगाकडे पोचण्याआधीच मावशीने हात पुढे केला आणि मधला कागदी कप उचलला.

"माजा ह्योच हाय ना गं?"

आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. पोरीला वाटायला सोपं जावं, एवढंच. तिने फुंकर घालून एक घोटही घेतला.

उषाला उमगलं, वेगळा कप आपणहून उचलायची ही सवय एका फ्लॅटमध्ये लागलेली नव्हती. आणि आज तो कप उषाच्या घरात, उषाच्याच ट्रेमधून त्याच हातात गेला होता. तिला वहिनींचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

वहिनींनी वाकून चिनी मातीचा कप घेतला.

"तुझेही कप कमी पडले का गं, उषा?"

उषाने ट्रे खाली ठेवला. मावशीसमोर बसून तिने हात पुढे केला.

"आसू दे गं. मी उष्टा केलाय."

"द्या इकडे."

आपल्या वाटणीचा भरला कप तिने मावशीच्या हातात दिला.

"नाही वहिनी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "हा तुमच्यासाठी काढला होता."

आणि मावशीचा उष्टा चहा तिने सगळ्यांदेखत पिऊन टाकला.