गुरुवारचा शर्ट

तिने शर्टाची कॉलर उलटी करून नाकाला लावली. मग काखेची शिवण हुंगली, मग उजव्या बाहीचं टोक. तिथे ती थांबली, पुन्हा एकदा हुंगलं आणि शर्ट बादलीच्या काठावर टाकून दिला. सिगारेटचा वास होता, आणि त्यावर पुदिन्याच्या गोळीचं पांघरूण.

दुसऱ्या कुणी नुसता मळका शर्ट म्हणून भिजत घातला असता. पण ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे तपासायला होती. कपडा मशीनमध्ये जाण्याआधी हुंगायचा, ही त्या दुकानाची शिस्त. डाग डोळ्यांना दिसतो, पण तो तेलाचा की औषधाचा की आणखी कशाचा, हे नाकच सांगतं. या नाकापायी अर्ध्या वस्तीचे संसार तिला तोंडपाठ झाले होते. कोण कुणाकडे जातो, कुणाची नोकरी सुटली आहे आणि घरी पत्ता नाही, हे सगळं कॉलरी बोलतात. ती कुणाला सांगत नसे, पण विसरतही नसे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या कपड्यांचा ग्रीसचा वास तिच्या ओळखीचा होता. धुराचा वास मात्र एक आठवडा सोडून येणाऱ्या गुरुवारच्या शर्टालाच असे. आणि नवऱ्याने तर जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता. बापाचा खोकला ऐकत मोठा झालेला माणूस, समोर कुणी पेटवली की रस्ता ओलांडायचा. म्हणजे ओढणारं माणूस दुसरंच होतं, आणि ठरल्या दिवशी त्याच्या अगदी जवळ बसत होतं. बाहीच्या टोकाला वास जास्त होता. म्हणजे हातात हात, असा तिने हिशेब लावला.

"आज उशीर झाला?" तो जेवायला बसल्यावर तिने विचारलं.

"बँकेची लिफ्ट अडकली होती."

"मागच्या वेळी पण बँकेचीच होती."

"जुनी आहे. अडकतेच."

एवढं बोलून तो पाण्याचा तांब्या उचलून आतल्या खोलीत गेला. तांब्यात पाणी नव्हतं. पाणी दुसरीकडेच कुठेतरी मुरत होतं.

आतल्या खोलीत तिचे सासरे, आबा, डावा पाय उशीवर ठेवून पडलेले असत. पायाच्या रक्तवाहिन्या आत आत आवळत चालल्या होत्या. शस्त्रक्रिया केली तर पाय वाचणार होता, नाहीतर कापावा लागणार होता. पण सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं, जोवर धूर तोवर सुरी नाही. आबा सरकारी विम्यावर सिगारेट सोडायच्या पट्ट्या लावत होते. दंडाला चिकटवायची पट्टी, तिच्यातून तल्लफेपुरतं औषध अंगात झिरपतं. नवरा त्या विम्याच्या केंद्रावरून आणायचा आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने बापाच्या दंडाला चिकटवायचा. कधी आणायचा, हे तिने कधी विचारलं नव्हतं. बापासाठी एवढं करणारा माणूस बाहेर शेण खाईल का? खाणार नाही, असं तिचं मन म्हणायचं. कॉलर उलट साक्ष द्यायची.

पुढच्या त्या गुरुवारी तिने दुकानात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारी नवऱ्याच्या कंपनीच्या गोदामासमोर जाऊन उभी राहिली. तो अवजारांची पिशवी न घेताच बाहेर पडला. ती मागे. दोन वळणं घेऊन तो एका जुन्या इमारतीत शिरला. लिफ्ट चालू असून लिफ्ट दुरुस्त करणारा जिन्याने गेला, इथेच तिचा संशय पक्का झाला. चपला हातात घेऊन ती जिना चढू लागली. वर काय बोलायचं, ते तिने मनात पाठ करून ठेवलं होतं.

ते बोलायची वेळच आली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर नवरा खिडकीशी उभा होता, एकटाच. हातात पेटलेली सिगारेट होती. एक झुरका घ्यायचा, खोकायचा, डोळे पुसायचा आणि कडू काढा प्यावा तसं तोंड करून पुढचा झुरका घ्यायचा.

"तू?" तो म्हणाला.

"मीच. वर कोण राहते?"

"कोण राहणार? विम्याचं केंद्र आहे. सिगारेट सोडवतात तिथे."

"आणि जिन्यात शिकवतात?"

तो हसला नाही. सिगारेट खिडकीच्या काठावर विझवून त्याने थोटूक कागदात गुंडाळलं.

"आबांच्या दोन्ही संधी संपल्या," तो हळू आवाजात म्हणाला. "माणशी वर्षाला दोनच देतात. पहिली त्यांनी आठवड्यात घालवली. दुसऱ्यांदा बरं चाललं होतं, तर मित्राच्या मयताला गेले आणि चौघांत बसून ओढून आले. पट्ट्या विकत घेणं आपल्याला झेपणार नाही. म्हणून माझ्या नावावर घेतो."

"पण तुम्ही तर ओढत नाही."

"तिथेच अडलं ना! पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी नळीत फुंकायला लावलं. छातीत धूर किती, ते यंत्र सांगतं. माझा आकडा बघून म्हणाल्या, तुम्ही नक्की ओढता का हो? न ओढणाऱ्याला सोडायचं औषध कसं देऊ? मग खाली गेलो, पाकीट घेतलं आणि चार दिवसांनी परत आलो."

"बरं, एकदा दाखवलंत. आता का?"

"लगेच सुटली म्हटलं तरी संशय. पट्ट्या बाहेर विकतो की काय, असं विचारतात. हळूहळू सुटायला पाहिजे. त्यात आबांनी मध्ये परत माती खाल्ली, तेव्हा माझी पहिली संधी गेली. ही दुसरी. शेवटची."

"त्यांना माहीत आहे?"

"वेड लागलंय का? विम्याने मुदत वाढवली म्हणून सांगितलंय. खरं कळलं तर पट्टी ओरबाडून फेकतील."

दुसरी बाई नव्हती. तिला एवढं हलकं वाटलं की ती पायरीवर बसलीच. मग राग आला, आणि राग नेमका कुणावर काढायचा हे कळेना तेव्हा तिने नवऱ्याच्या हातातली पुदिन्याची गोळी काढून स्वतःच्या तोंडात टाकली.

"चला, मी पण येते," ती म्हणाली.

वरच्या खोलीतल्या समुपदेशक बाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला नळीत फुंकायला लावलं, आकडा पाहिला, त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"घरी ओढतात का हो?"

नवरा स्वतःच्या पायांकडे बघू लागला.

"ओढतात की!" ती म्हणाली. "किती जीव तोडून सांगा, ऐकतील तर शपथ. शर्ट हुंगून हुंगून माझ्या नाकाची वाट लागली. वर तोंड करून सांगतात, बँकेची लिफ्ट अडकली होती."

मनात तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं, त्यामुळे वेगळं सोंग आणावं लागलं नाही. बाईंनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग त्यांनी पट्ट्यांची खोकी पुढे सरकवली.

"बायका सहसा नवऱ्याला पाठीशी घालतात," त्या म्हणाल्या. "खरं बोलणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्या दिवसापासून तिने शर्ट हुंगणं सोडलं. वास यायचा, पण त्याचं कारण ठाऊक होतं. आणि ज्या डागाचं कारण कळलं, त्याकडे ती दुकानातही दुसऱ्यांदा बघत नसे. जन्माचा संशयी स्वभाव एकदा खोटा ठरला की माणूस भरपाई म्हणून जरा जास्तच भोळा होतो. नवरा जेवणानंतर गॅलरीत जाऊन फोनवर बोलू लागला तेव्हा तिने विचारलं नाही. लिफ्ट काय, कुठलीही अडकू शकते.

आबांनी मात्र या वेळी धीर धरला. पट्टी संपत आली तशी त्यांची तल्लफही गेली. सर्जनने सुरी उचलली आणि पाय वाचला. उन्हाळा सरेपर्यंत आबा काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ लागले, आणि सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाला थांबवून उपदेश करू लागले. आयुष्यभर धुराड्यासारखा जगलेला माणूस आता नाकाने कांदे सोलत होता. पण त्यांचं नाकही खरोखरच परत आलं होतं. शेजारची फोडणी ओळखायचे, साबणाची वडी बदलली तर सांगायचे, आणि अशा गोष्टींनी लहान मुलासारखे खूश व्हायचे.

एका संध्याकाळी आबा जेवायला बसले होते, ती वाढत होती. नवरा गॅलरीतून आत आला आणि ताटावर बसला. आबांनी घास हातातच थांबवला. मान पुढे काढली.

"तू ओढतोस?" ते म्हणाले.

"छे. गोदामात कुणीतरी ओढतं."

"मला शिकवतोस? आत्ताची आहे. गोळी पण आत्ताचीच आहे."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. केंद्रावरची शेवटची फेरी केव्हाच होऊन गेली होती. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, आबा चालायला लागले; आणि या सगळ्यात एकाही शर्टाचा वास गेला नव्हता. गुरुवार तर कधीच मागे पडला होता, आता सगळेच शर्ट तसे होते. तिच्या नाकाला ते रोज कळत होतं, आणि ती रोज त्याला गप्प बसवत होती. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

नवऱ्याने मान खाली घातली.

"लाज वाटते का?" आबा म्हणाले. "बापाचा पाय बघितलास ना? घरात एवढं उदाहरण असून?" मग त्यांचा आवाज उतरला. "असू दे. एकदा सवय लागली की लागते, ते मला नको सांगूस. उद्या जा आणि विम्याच्या केंद्रावर नाव घाल. चांगली माणसं आहेत. मला तर किती वेळा मुदत वाढवून दिली."

"मला नाही मिळणार, आबा."

"का नाही? मला मिळतं, तुला का नाही? तुझं तर सगळं नवं कोरं आहे. दोन्ही संधी असतील."

तिने आबांच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली, मग नवऱ्याच्या.

"माझ्या आहेत," ती म्हणाली. "दोन्ही आहेत."

"नको!" नवरा एवढ्या जोरात ओरडला की आबांच्या हातातला घास ताटात पडला.

"अरे, ती भल्याचंच सांगते आहे ना," आबा म्हणाले. "ओरडायला काय झालं?"