थोर्किलचं हिरवं बटण

"अहो, फोन कापलात कशाला? वाजू तरी द्यायचा!" बेंटे ओरडलीच.

थोर्किल ओशाळला. "सकाळचा फोन होऊन गेला ना. उगाच कशाला त्रास द्यायचा? बटण दाबलं की पडद्यावर इंगरचं नाव येतं, तेवढं बघतो न् कापतो."

"असं दिवसातनं किती वेळा?"

"ते कोण मोजतंय?"

बेंटेने कपाळाला हात लावला. एकट्या म्हाताऱ्यांनी रोज सकाळी इंगरसारख्या एखाद्या स्वयंसेविकेला फोन करून 'मी ठीक आहे' एवढं कळवायचं, ही त्यांच्या गावची रीत. फोन आला नाही तर ती किल्ली घेऊन घरी जाते. त्यासाठीचं ॲप बेंटेने बनवलं होतं. हिरवं बटण दाबलं की मोबाइलमधलं फोनचं ॲप उघडून नंबर लागायचा. पण थोर्किलचा मोबाइल सारखा गोठायचा, म्हणजे हँग व्हायचा, आणि सकाळचा फोन जायचाच नाही. नगरपालिकेने बजावलं होतं, दोष काढा नाहीतर ॲप बंद करू. म्हणून ती आज त्याच्या घरी आली होती. थोर्किलच्या थरथरत्या बोटांना दुसरं काही दाबणं जमत नव्हतं. बटण गेलं की सकाळचं बोलणंही गेलं.

घरी बेंटे आठवडाभर बटण दाबत बसली होती. आपल्याच दुसऱ्या फोनवर 'मी ठीक आहे' म्हणायची आणि ठेवायची. नवरा गेल्यापासून त्या घरात तेवढंच काय ते बोलणं. आणि तिथे मेलं काही बिघडायचंच नाही!

बिघडणार कसं? ती बोलून ठेवत होती. हा बाबा लागायच्या आतच कापत होता. मग ॲपचा जुना पडदा 'बोलणं संपलं' या निरोपाची वाट बघत आत तसाच राही, वर नवा उघडे. दर कॉफीला नवा कप काढायचा, जुना विसळायचाच नाही, तसली गत. मोबाइल गुदमरेल नाहीतर काय!

तिने लॅपटॉप उघडला. फोन लागो न लागो, ॲपमध्ये परत येताच जुना पडदा सोडून द्यायचा, एवढंच लिहायचं होतं. मग थोर्किलला कितीदा तरी दाबायला, कापायला लावलं. मोबाइल ताजातवाना.

"झालं. आता गोठायचा नाही."

"कधीच?"

"कधीच."

थोर्किलने मोबाइल टेबलावर ठेवला. "गोठला की इंगर यायची गं. दारातनंच बोंब मारायची, 'मेलात की काय!' मग बसायची. येताना दालचिनीचा पाव आणायची."

बेंटेचा हात लॅपटॉपवरच थांबला. "थोर्किल, तसंच ठेवलं तर ॲपच बंद करतील हो."

"नाही नाही, नीटच कर. कामात खोट ठेवू नये."

ती निघाली तेव्हा तो टेबलाशी उभा होता. उद्याच्या सकाळसाठी दोन कप उपडे मांडून ठेवले होते. त्यातला इंगरचा, निळ्या काठाचा, त्याने उचलला, स्वच्छच होता तरी पुसला, आणि कपाटात मागच्या रांगेत नेऊन ठेवला.