तीन ओढींची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे, आणि परवापर्यंत माझ्यावर ओले मोजे वाळत होते. कोणाचे? आमच्या घरच्या धाकट्या पाणबुड्याचे. ज्या दोरीने याच्या बापाला बावीस वर्षं कालव्याच्या तळातून घरी आणलं, तिला या पठ्ठ्याने गच्चीवर दोन खांबांना बांधून उन्हात टांगलं. लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नसावं.

माझा जन्म एका दोरवाल्याच्या शेडमध्ये झाला. तीन पेडांचा घट्ट पीळ. तो अजून कायम आहे, अंगातही आणि स्वभावातही. थोरल्या पाणबुड्याने मला घेतलं आणि दर दोन हातांवर एक गाठ मारली. मला अक्षर वाचता येत नाही, पण गाठी मोजण्यात मला कोणी हरवून दाखवावं.

आमचं काम कालव्यातल्या तुंबलेल्या जाळ्या मोकळ्या करायचं, आणि तेही रात्रीचं. दिवसा कालवा वाहता असतो. रात्री वरच्या अंगाचं लोखंडी दार खाली सोडलं की पाणी थांबतं, तेव्हाच खाली उतरता येतं. पाठीवर हवेची टाकी, कमरेला माझं एक टोक. दुसरं टोक काठावर त्याच्या बायकोच्या हातात. खाली इतका गाळ की बॅटरीचा उजेड हातभर पुढे जात नाही. म्हणून आमची भाषा ओढीची. एक ओढ म्हणजे बरा आहे. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे वर घे. घरी अंगणात बाप-लेक माझी दोन टोकं धरून हाच खेळ खेळायचे.

काम झालं की त्याची बायको मला स्वच्छ पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची. लोक पाणबुड्याची पाठ थोपटायचे, तेव्हा तो म्हणायचा, "हिला विचारा." हिला म्हणजे बायकोला की मला, ते मी कधी विचारलं नाही. मी आपलं माझ्याकडे घेतलं.

मग पाण्याच्या दाबाने थोरल्याचे कान गेले आणि मुलगा उतरू लागला. त्याच्या मुखवट्यात बोलायचं यंत्र. तो खाली बोलला की पाण्यात वायर सोडलेल्या काठावरच्या डब्यात ऐकू येतं. आता दोरी कोण लावतं, म्हणाला, आणि माझी रवानगी गच्चीवर झाली.

परवा पुलाखालची जाळी तुंबली. आईने माझ्यावरचे मोजे खाली टाकले आणि त्याला न विचारता मला त्याच्या कमरेला बांधलं. मी काय वासरू आहे का, असं तो चारचौघांत पुटपुटला. आईने गाठ दोनदा आवळली.

जाळी नवव्या गाठीवर होती. तिथवर डब्यातून त्याची बडबड चालू होती. जाळी मोकळी झाली, गाळ उसळला आणि डबा गप्प झाला. त्याला वाटलं आपण काठाकडे निघालोय. पण आईच्या हातातून दहावी गाठ गेली, मग अकरावी. तो भिंतीतल्या, माणूस मावेल एवढ्या जुन्या नळात शिरत होता, जिथून वर यायला वाट नाही. कालव्याचा चौकीदार डबाच हलवत बसला. आईने एक ओढ दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. तेव्हा खालून, अंगणातल्या लहान पोराच्या असाव्यात तशा, घाईघाईच्या तीन ओढी आल्या.

आईने ओढलं, चौकीदाराने ओढलं. नळाच्या कडेला घासून माझा एक पेड तुटला. उरलेल्या दोन पेडांवर मी त्याला वर आणलं, मित्रांनो, आणि हे मी कोणापुढेही ताठ मानेने सांगेन. टाकीचा काटा तेव्हा शून्याला टेकला होता.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. जुन्या वस्तूकडून काम घ्या, हवं तर दमवा, पण तिला उन्हात टांगून विसरू नका. थोरला आता माझा तुटलेला पेड पुन्हा विणतोय.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी धाकटा यंत्र उघडून बसला होता. बॅटरी उतरली असणार, नाहीतर मी आपला आलोच असतो, असं त्याचं चाललेलं. आई मला धूत होती. मान वर न करता ती बोलली, आणि मला तोंड असतं तर मीही तेच बोलले असते:

"बाळा, तुझ्या यंत्राला आवाज आहे, ओढ नाही. आजपासून मोजे त्याच्या वायरीवर वाळव."